तुटलेल्या पायाचा शिपाई

प्रश्न : माळ्यावरच्या डब्यात माझे लहानपणीचे प्लास्टिकचे सैनिक सापडले, पंचवीसेक असतील. एकाचा पाय घोट्यातून तुटलाय, तिघांच्या बंदुका वाकल्यात. सुपरग्लूने पाय चिकटवला, दुसऱ्या दिवशी हातात आला. रंग दिला, त्याच्या सालपट्या निघाल्या. मुलाला तर त्यातल्या एकाचा बिगुलवाला करून हवाय. जमेल का?

उत्तर : जमेल. आधी एक वाटी पाणी घ्या आणि त्यात एक सैनिक सोडा. तरंगला तर तो बहुतेक पॉलिथिनचा, म्हणजे मऊ प्लास्टिकचा. बुडाला तर दुसरं काहीतरी, कदाचित जोडायच्या मॉडेलांमधलं कडक पॉलिस्टायरीन. तसं असेल तर मॉडेलांसाठीचा, प्लास्टिक विरघळवून जोडणारा ‘सिमेंट’ गोंद लावला की काम झालं. वाकणारी बंदूक आणि सालपट्या पाहता तुमचे तरंगतील असं वाटतं. एअरफिक्स या ब्रिटिश मॉडेल कंपनीने १९५९ पासून काढलेले चिमुकले सैनिक याच मऊ जातीचे.

पॉलिथिनला गोंद धरत नाही. माझ्या भावाचा गुडघा टेकून नेम धरणारा एक शिपाई होता. त्याची बंदूक मी तीनदा चिकटवली, तीनदा निखळली. मग लक्षात आलं की गोंद ज्या बाटलीतून येतो ती बाटलीच याच जातीच्या प्लास्टिकची असते. गोंद तिलाच चिकटला असता तर बाहेर कसा आला असता? तेव्हापासून मी गोंदावर विसंबत नाही, तारेवर विसंबते.

अर्ध्या मिलिमीटर जाडीची पितळी तार घ्या. शिवणाची सुई पकडीत धरून मेणबत्तीवर तापवा आणि घोट्याच्या दोन्ही बाजूंना, बरोबर समोरासमोर, चार-पाच मिलिमीटर खोल भोक पाडा. हे प्लास्टिक साधारण ११० अंश सेल्सियसला वितळतं, त्यामुळे सुई लाल करायची गरज नाही. धूर निघाला तर ती जास्त तापली आहे असं समजा. खिडकी उघडी असू द्या. तार थोडी गरम करूनच आत सरकवा, म्हणजे गार होताना प्लास्टिक तिला आवळून धरतं. फट उरली तर दोन भाग मिसळून मळायची इपॉक्सी पुटी भरा. पुटीसुद्धा पॉलिथिनला धरत नाही, पण तारेभोवती घट्ट बसते.

वाकलेली बंदूक नुकत्याच उकळलेल्या पाण्यात मिनिटभर धरा, सरळ करा आणि तशीच धरून गार पाण्यात बुडवा. जितकी हवी त्याहून किंचित जास्त वळवा, कारण ती थोडी मागे येतेच.

बिगुलवाल्यासाठी चांगला सैनिक कापू नका. मी नेहमी मोडलेलाच निवडते, धड असलेले तसेच राहू द्यावेत. उभा, एक हात वर असलेला कुणी असेल तर उत्तम. बंदूक नव्या पात्याने थोडी थोडी कापत काढा, तो हात गरम पाण्यात मऊ करून तोंडाकडे वळवा. बिगुलाची नळी पितळी तारेची, पुढचं तोंड कागदाच्या कोनाचं, कोन पुटीने कडक केलेला. पट्ट्यासाठी कागदाची अरुंद पट्टी पुरते. डोकं बदलायचं असेल तर मानेतून तार घाला, म्हणजे पुटी भरण्याआधी ते हवं तिकडे फिरवून बघता येतं. डोकं जरासं बाजूला वळवलं तरी अख्खा सैनिक वेगळा दिसतो. या कामातला मला सर्वांत आवडणारा क्षण तोच.

रंगाआधी साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने घासा; साच्याचा तेलकटपणा अंगावर असतो. वाळल्यावर पांढऱ्या गोंदाचा पातळ हात द्या, त्यावर अ‍ॅक्रिलिक रंग पातळ थरांत, आणि शेवटी पुन्हा गोंदाचा हात. इनॅमल, म्हणजे तेलाचा रंग, वाळून कडक होतो, खालचं प्लास्टिक वाकतं, म्हणून सालपट्या.

प्रश्न : माझ्याकडच्या काही सैनिकांना हात लावला तरी तुकडे पडतात. गरम पाण्याने किंवा तेलाने ते पुन्हा लवचीक होतील का?

उत्तर : नाही, आणि हे सांगताना वाईट वाटतं. उजेड, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन यांनी प्लास्टिकच्या लांब साखळ्या तुटत जातात. त्या पुन्हा जोडता येत नाहीत. गरम पाणी तर टाळाच. पातळ केलेला पांढरा गोंद मऊ ब्रशने अंगावर सोडला तर तुकडे एकत्र राहतात. सुई-तारेचा प्रयोग यांच्यावर नको, भोक पाडतानाच चिरतील. कागदात गुंडाळून अंधाऱ्या, थंड कपाटात ठेवा. आणि जुना रंग खरवडू नका. त्यात शिसं असू शकतं, त्याची धूळ मुलांच्या हाताला लागता कामा नये.