वाचकांचे प्रश्न : फ्रान्समधली जमीन, कागदी पैसा आणि शेजारचे राजे

प्रश्न : फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चच्या जमिनी सरकारजमा झाल्या. त्या भूमिहीनांना मिळाल्या का?

उत्तर : फार थोड्यांना. २ नोव्हेंबर १७८९ रोजी राष्ट्रीय सभेने चर्चची मालमत्ता ताब्यात घेतली ती तिजोरीवरचं कर्ज फेडण्यासाठी. वाटप हा हेतूच नव्हता. म्हणून जमिनी जिल्ह्याच्या ठिकाणी लिलावात निघाल्या, आणि बऱ्याचदा मोठ्या तुकड्यांत. १७९० च्या नियमानुसार शेतजमिनीची १२ टक्के रक्कम आधी भरायची, उरलेली ५ टक्के व्याजाने १२ वार्षिक हप्त्यांत. अटी सैल दिसतात, पण बोली चढली की मजूर बाहेर पडे. काही गावांत शेतकऱ्यांनी पैसे गोळा करून एकत्र बोली लावली. एरवी मोठा वाटा शहरातले वकील, व्यापारी आणि गावातले सधन शेतकरी यांच्याकडे गेला.

खरी मेख हप्त्यांत होती. याच जमिनींच्या तारणावर डिसेंबर १७८९ मध्ये ४० कोटी लिव्रांचे (लिव्र हे फ्रान्सचं तेव्हाचं चलन) ‘असिन्या’ काढायचं ठरलं. आधी ते व्याज देणारे रोखे होते, पुढच्याच वर्षी त्यांची चलनी नोट झाली, आणि हप्ते त्यातच भरता येत. युद्धाच्या खर्चासाठी छपाई वाढत गेली. १७९३ च्या ऑगस्टमध्ये १०० लिव्रांच्या नोटेचे नाण्यांत जेमतेम २२ लिव्र येत; १७९५ संपताना एकही येईना. हप्त्याचा आकडा मात्र होता तोच. म्हणजे १७९१ मध्ये जमीन घेणाऱ्याने उरलेलं देणं रद्दीच्या भावात फेडलं, आणि त्याच नोटांत मजुरी घेणाऱ्याला पाव परवडेना. सप्टेंबर १७९३ च्या कायद्याने वस्तूंचे भाव १७९० च्या १३३ टक्क्यांवर बांधले आणि मजुरी १५० टक्क्यांवर. माल बाजारातून गायब होऊ लागला. डिसेंबर १७९४ मध्ये बंधन उठताच भाव भडकले.

खंडकऱ्याचीही अशीच निराशा झाली. चर्चला द्यायचा दशमांश बंद झाला, पण ती रक्कम खंडात मिळवायची मुभा कायद्यानेच मालकांना दिली. सरंजामी देणी जुलै १७९३ मध्ये विनामोबदला रद्द झाली, त्याचा लाभ ज्याच्या नावावर आधीच जमीन होती त्यालाच.

प्रश्न : शेजारच्या राजांनी क्रांती लगेच का चिरडली नाही?

उत्तर : त्यांचं लक्ष पूर्वेकडे होतं. ऑस्ट्रियाचा तुर्कांशी तह ऑगस्ट १७९१ मध्ये झाला. पोलंडवर रशिया आणि प्रशिया टपलेले होते. २७ ऑगस्ट १७९१ च्या पिल्निट्झ जाहीरनाम्यात ऑस्ट्रियाचा सम्राट लिओपोल्ड दुसरा आणि प्रशियाचा राजा यांनी सगळ्या सत्ता सोबत आल्या तरच पाऊल उचलू असं म्हटलं. ब्रिटन येणार नाही हे लिओपोल्डला ठाऊक होतं. पॅरिसमध्ये मात्र ही उघड धमकी मानली गेली, आणि २० एप्रिल १७९२ रोजी युद्ध पुकारलं ते फ्रान्सनेच. हा क्रम पुष्कळदा उलटा सांगितला जातो.

प्रश्न : त्या राजवटींच्या कारभारात काही बदललं का?

उत्तर : हो, पण प्रत्येक ठिकाणी वेगळं. स्पेनने १७९१ मध्येच खासगी नियतकालिकं बंद केली. ब्रिटनमध्ये १७९४ मध्ये हेबिअस कॉर्पस (अटकेला न्यायालयात आव्हान देण्याचा हक्क) स्थगित झालं आणि १७९९ पासून युद्धखर्चासाठी प्राप्तिकर आला. प्रशियाला जाग आली ती नेपोलियनकडून झालेल्या १८०६ च्या पराभवानंतर : ऑक्टोबर १८०७ च्या फर्मानाने भूदासत्व (शेतकऱ्याला जमीनदाराशी बांधून ठेवणारी प्रथा) संपवायचं ठरलं, त्यासाठी शेवटची मुदत १८१० च्या नोव्हेंबरची. जमिनीची मालकी मात्र त्या फर्मानाने शेतकऱ्याला दिली नाही.