साथ आली की गावातली गरिबी कमी करण्याची कामं नेमकी कुठे अडकतात?

पहिला फटका बचत गटाला बसतो. जत, माण, खटावसारख्या दुष्काळी तालुक्यांत बैठक बंद पडली की बचत थांबते, अंतर्गत कर्ज थांबतं आणि दवाखान्याच्या खर्चासाठी बाई सावकाराचं दार गाठते. २०२० मध्ये मार्च ते ऑगस्ट कर्जाचे हप्ते पुढे ढकलण्याची सवलत होती, पण व्याज चालूच होतं. अशी सवलत आली तर हे गटातल्या बायकांना आधी स्पष्ट सांगायलाच हवं. हप्ता ९० दिवस थकण्याआधीच कर्जाच्या पुनर्रचनेसाठी बँकेत लेखी अर्ज द्या.

पुण्या-मुंबईहून परतलेल्यांनी रोजगार हमीसाठी ग्रामपंचायतीत नमुना ४ (काम मागणीचा अर्ज) भरावा आणि तारखेची पोच घ्यावीच. १५ दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता मागता येतो. पोच नसेल तर मागणी केल्याचं सिद्धच होत नाही.