टर्बोचे एक्झॉस्ट हाउसिंग किती मोठे घ्यावे?

प्रश्न : माझ्या २ लिटरच्या मॅन्युअल गिअरच्या पेट्रोल गाडीच्या टर्बोला ०.६३ आणि ०.८२ ए/आर अशी दोन एक्झॉस्ट हाउसिंग मिळत आहेत. पाव मैलाच्या ड्रॅग शर्यतीसाठी कोणते घ्यावे? – एक वाचक, भोसरी, पुणे

उत्तर : एक्झॉस्ट हाउसिंग म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूने फिरणाऱ्या टर्बाइनच्या चाकाभोवतीचे कवच. ए/आर म्हणजे या हाउसिंगमधील वायुमार्गाच्या छेदाचे क्षेत्रफळ भागिले त्या छेदाच्या मध्याचे टर्बाइनच्या अक्षापासूनचे अंतर. हा आकडा लहान असला की वायू चाकावर अधिक वेगाने आदळतो आणि बूस्ट (टर्बोने इंजिनात दाबून भरलेल्या हवेचा दाब) लवकर येतो. परंतु वरच्या आरपीएमला एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरमधून टर्बोकडे वायू नेणाऱ्या नळ्यांमध्ये) दाब तुंबतो, सिलिंडर नीट रिकामा होत नाही आणि ताकद नेमकी हवी तिथेच घटते. ड्रॅगमध्ये गाडी सुटल्यावर इंजिन बहुतेक वेळ वरच्या आरपीएमलाच असते, म्हणून सुटण्याच्या रेषेवरच बूस्ट तयार करता येत असेल, तर माझा कौल ०.८२ ला आहे. टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिक गाडीत हे सोपे जाते. तुमच्या गाडीत लाँच कंट्रोल (गाडी उभी असतानाच आरपीएम धरून बूस्ट तयार करू देणारी यंत्रणा) नसेल, तर मात्र ०.६३ च घ्यावे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने हवा थोडी विरळ असते आणि बूस्टला किंचित उशीर होतो, हेही ध्यानात असू द्यावे.

कृपया अंदाजावर खर्च करू नका. टर्बाइनच्या आधीचा दाब गेजने मोजा. तो बूस्टच्या दुपटीपुढे जात असेल, तर हाउसिंग लहान पडत आहे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या टर्बोंचे ए/आर थेट ताडून पाहू नयेत, कारण त्यांची टर्बाइनची चाकेच निराळी असतात.