शिवण जुळली, तरी शेल का होत नाही?

प्रश्न : गोरेगाव (पूर्व) येथे आमचा मोल्ड (साचे) बनवण्याचा लहान कारखाना आहे. ग्राहकाने कॅटिया या त्रिमितीय आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या बाटलीच्या झाकणाचा बाहेरचा आकार स्टेप फाइलमध्ये (असे आकार एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याच्या फाइलमध्ये) पाठवला, परंतु आमच्या सॉलिडवर्क्स या तशाच सॉफ्टवेअरमध्ये तो सॉलिड (भरीव आकार) न येता सुट्या सरफेसच्या (जाडी नसलेल्या पृष्ठभागांच्या) रूपात उघडला. निट करताना (सरफेस कडांशी शिवताना) टॉलरन्स (चालवून घेण्याची फट) ०.१ मिमीपर्यंत वाढवल्यावर सॉलिड झाले, पण २ मिमी जाडीचे शेल (आकार आतून पोकळ करून तेवढ्या जाडीची भिंत ठेवणे) लागत नाही. वरच्या कडेची गोलाई १.५ मिमी आहे. दोष कोठे शोधावा?

उत्तर : टॉलरन्स वाढवण्याची पायरी आधी मागे घ्यावी, अशी आपणास कळकळीची विनंती आहे. त्याने फट बुजत नाही. दोन कडा वेगळ्या असूनही त्या एकच आहेत असे सॉफ्टवेअर धरून चालते आणि पुढे त्याच कडेवर नवी छेदरेषा काढायची वेळ आली की गणित अडते.

कॅटिया ०.००१ मिमीपेक्षा जवळचे दोन बिंदू एकच मानते, तर सॉलिडवर्क्सच्या मुळाशी असलेल्या पॅरासॉलिड या भूमितीचे गणित करणाऱ्या गाभ्याची अचूकता ०.००००१ मिमी, म्हणजे शंभर पट सूक्ष्म आहे. त्यामुळे तेथे बंद असलेली शिवण येथे उसवलेली दिसू शकते. एवढ्या बारीक फटी इम्पोर्ट डायग्नॉस्टिक्समध्ये (आयात मॉडेलमधील दोष शोधून दुरुस्त करणाऱ्या सोयीत) बहुधा सांधल्या जातात. ज्या अर्थी आपल्याला ०.१ मिमीपर्यंत जावे लागले, त्या अर्थी एखादा सरफेसच मुळात बिघडलेला असावा. लहान टॉलरन्सवर निट करून ज्या कडा उघड्या राहतील, तेथेच पाहावे.

अशाच एका झाकणात अंगठ्यासाठीच्या खोलगट भागाशी तीन फिलेट (कडेला दिलेल्या गोलाया) एकत्र येत होते आणि तेथे तीन बाजूंचा तुकडा भरलेला होता. सरफेसची मूळ बांधणी चार बाजूंची असते; येथे चौथी बाजू एका बिंदूत मिटलेली असल्याने, निऱ्या कमरेशी खोचाव्यात तशा सरफेसच्या सगळ्या रेषा तेथे गोळा झाल्या होत्या. शेलसाठी प्रत्येक बिंदूपाशी सरफेसला लंब दिशा लागते आणि अशा टोकाशी ती नीट ठरत नाही. तो तुकडा काढून टाकला, हद्दीबाहेर जाणारा चार बाजूंचा मोठा सरफेस बांधून तो ट्रिम केला (हद्दीपाशी कापला), तेव्हा शेल लागले. दुरुस्तीपेक्षा पुनर्बांधणी मला नेहमीच अधिक भरवशाची वाटते. केसाएवढ्या रुंदीचे चिंधीसारखे फेस (मॉडेलच्या पृष्ठभागाचे तुकडे) आढळल्यास तेही काढून शेजारचे फेस वाढवून घ्यावेत.

मॉडेल निर्दोष झाले तरी आपली १.५ मिमीची गोलाई आड येण्याची शक्यता आहे. ती २ मिमी आत सरकवली की त्रिज्या उणे ०.५ होते; म्हणजे आतल्या बाजूस तो फेस नाहीसा होऊन शेजारचे दोन फेस एकमेकांना भिडावे लागतात. सपाट फेस सहज भिडतात, मुक्त वळणाचे पुष्कळदा भिडत नाहीत. आयात केलेल्या मॉडेलमध्ये फिलेटचा इतिहास नसतो, म्हणून गोलाईचे फेस डिलीट करून कड धारदार करावी, आधी शेल करावे आणि मग बाहेरून १.५ मिमीचे फिलेट द्यावे. कोपऱ्यात प्लास्टिक किती उरते, हे मात्र छेद घेऊन पाहावे.

कोअर-कॅव्हिटीचे (मोल्डच्या आतल्या व बाहेरच्या भागांचे) काम हाती घेण्यापूर्वी चेक एंटिटी (मॉडेलमधील दोष तपासणारी सोय) चालवावे, नव्या आणि मूळ सरफेसमधील सर्वाधिक अंतर मोजून ग्राहकाला कळवावे आणि त्याची लेखी संमती येईपर्यंत स्टीलला हात लावू नये.