समासातलं पेन्सिलीचं अक्षर

"ताई, आमच्या सोसायटीत अकरा वर्षं दर गुरुवारी मी ज्ञानेश्वरी घेते. मी अडाणीच, माउली करून घेतात. एकोणीस जणी येतात. जुनी मराठी जड जाते म्हणून सगळ्यांच्या पोथीत समासात मी पेन्सिलीने अर्थही लिहून देते. दिवाळीपासून एक नवी मुलगी येते, तिशीची. नवव्या अध्यायाच्या दुसऱ्याच ओवीला सगळ्यांसमोर म्हणाली, 'काकू, सलगी म्हणजे नम्रता नाही हो.' दोघीतिघी हसल्या. तेव्हापासून मला झोप नाही. मला मानाची हौस नाही, वर्ग सोडायला तयार आहे. की तिलाच समजावू?"
– एक वाचक, डोंबिवली

काकू, पेन्सिलीचं तुम्ही जाता जाता लिहिलंत. मी तिथंच अडकले. एकोणीस पोथ्या, एकोणीस घरं आणि सगळ्या समासांत एकच अक्षर, तुमचं. अकरा वर्षांत कुणी काही विचारलं नाही यात नवल कसलं? उत्तर आधीच लिहिलेलं होतं!

आधी ओवीचं बघू. "परी प्रौढी न बोलें हो जी । तुम्हां सर्वज्ञांच्या समाजीं । देयावें अवधान हे माझी । विनवणी सलगीची ॥" मुलगी बरोबर आहे. लगेच पुढची ओवी काढा. तिथं श्रीमंत माहेर आहे आणि लळे पुरवून घेणं आहे. लेक माहेरी आली की आईचा पदर ओढून "हे दे, ते दे" करते ना, ती सलगी. माउली समोरच्या श्रोत्यांना माहेर म्हणतायत, त्यांच्यापुढे लाडात येतायत. तुम्ही समासात 'नम्रता' लिहिलंत आणि ते माहेर पुसलं गेलं. आणि तुमच्यासमोर बसलेल्या बायकाही मग श्रोत्या राहिल्या नाहीत, विद्यार्थिनी झाल्या.

अर्थ चुकणं हा गुन्हा नव्हे. माझ्याकडच्या पोथीत सासूबाईंनी शाईनं लिहिलेले अर्थ आहेत. निम्मे चूक, पण ती ओवी आली की अजून माझ्या कानात आधी त्यांचाच आवाज येतो. तुम्ही निदान पेन्सिल वापरलीत, हे नशीब.

संत एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तोवर पाठ बिघडले होते. काम झाल्यावर त्यांनी बजावून ठेवलं, की या पाठात जो आपली ओवी घालील त्यानं अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली असं समजा. तुम्ही ओवी रचली नाहीत, कबूल. पण त्या बायकांचे डोळे ओवीवर पडायच्या आधी समासाकडे जातात, आणि तिथं तुमची करवंटी असते.

आता ते 'मी अडाणीच'. तेराव्या अध्यायात अमानित्वावर, म्हणजे मानाची हाव नसण्यावर, माउली किती रेंगाळतात, ते तुम्ही अकरा वर्षांत निदान दोनदा तरी वाचलं असेल. वाचस्पतीएवढी सर्वज्ञता असूनही मोठेपणाच्या भीतीनं जो वेडेपणात दडतो, तो अमानी. असा माणूस 'मला मानाची हौस नाही' हे पत्रानं कळवत नाही, काकू. आणि वर्ग सोडायचं तर नावच काढू नका. सोडलात तर पंधरा दिवसांत सगळ्याजणी दारात येतील, 'तुमच्याशिवाय नाही हो जमत' म्हणतील, आणि तुम्ही परत जाल. ते तुम्हाला पत्र लिहितानाही ठाऊक होतं. त्या मुलीला समजावण्याचं तर मी उत्तरच देणार नाही.

येत्या गुरुवारी कोपऱ्यावरच्या दुकानातून एक खोडरबर घेऊन जा. नववा अध्याय उघडायला सांगा. मग खुर्चीवरून उठून एकेकीच्या शेजारी सतरंजीवर बसा आणि त्या ओवीपुढचा 'नम्रता' हा शब्द स्वतःच्या हातानं खोडा. एकोणीस वेळा. खोडताना प्रत्येकीला विचारा, "तू माहेरी गेलीस की काय मागतेस गं?" उत्तर येईपर्यंत पुढच्या पोथीकडे सरकू नका. त्या मुलीची पोथी शेवटी घ्या. तिच्या समासात बहुधा काही लिहिलेलंच नसेल, तेव्हा तिथं नुसतं बसा आणि पुढच्या ओव्या तिला वाचू द्या.

खोडताना हात हलका ठेवा. पोथीचा कागद पातळ असतो.