फिरतीवर असताना हॉटेलच्या खोलीत खराखुरा एस्प्रेसो करता येतो का? त्यासाठी कोणतं यंत्र घ्यावं?

येतो, आणि घरच्या मशीनच्या जवळपास पोचणारा येतो. मात्र ‘कोणतं यंत्र’ हा भाग मी जरा मागे ढकलणार आहे. बॅगेतली जागा आणि खिशातले पैसे यांच्यावर पहिला हक्क दाणे दळायच्या हातग्राइंडरचा आहे, यंत्राचा नंबर त्यानंतर.

तुम्ही लिहिलंय की घरी मशीन आहे, जीभ चांगल्या कॉफीला सोकावली आहे, नोकरीमुळे महिन्यातला बराच काळ बाहेरगावी जातो आणि मोका पॉट, एअरोप्रेस (नळीत पूड-पाणी घालून हाताने दट्ट्या दाबायचं उपकरण) की हातपंपाचं छोटं यंत्र यात अडकला आहात. विमानात काय नेऊ देतात हेही विचारलंय. मी बँकांच्या शाखांचं ऑडिट करते. एप्रिलमध्ये आमचा मुक्काम जिल्ह्याच्या नाहीतर तालुक्याच्या गावी, एस्टी स्टँडजवळच्या लॉजवर. तिथे सकाळी चहा मिळतो, आणि चांगला मिळतो. कॉफी मागितली तर दुधात घोळलेली इन्स्टंट येते, वर साखर विचारायची पद्धत नाही. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी हौसेचा कमी आणि गरजेचा जास्त आहे.

एस्प्रेसोला दाब, उष्णता आणि बारीक, एकसारखं दळण लागतं. आपण मशीनकडे बघतो तेव्हा दाबच सगळ्यांत अवघड वाटतो, कारण त्यासाठी ते घरघरणारं धूड असतं. प्रत्यक्षात बाहेरगावी सगळ्यांत स्वस्तात मिळतो तो दाबच. एस्प्रेसोला नऊ बार दाब लागतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण नऊ किलोचा भार. पंपाचा दट्ट्या जेमतेम अर्धा चौरस सेंटिमीटरचा असेल तर अंगठ्याने साडेचार किलोचा जोर लावला की झालं. वॅकाको कंपनीची नॅनोप्रेसो आणि पिकोप्रेसो ही हातपंपाची यंत्रं याच हिशेबावर चालतात. आता हाच हिशेब एअरोप्रेसला लावा. त्याची नळी सुमारे सहा सेंटिमीटर व्यासाची, म्हणजे क्षेत्रफळ अठ्ठावीस चौरस सेंटिमीटर. नऊ बार हवे असतील तर अडीचशे किलो भार द्यावा लागेल! आपण हाताने देतो वीस-पंचवीस किलो, म्हणजे एक बारसुद्धा नाही. अ‍ॅलन अ‍ॅडलर यांनी २००५ मध्ये आणलेलं हे उपकरण उत्तम आहे, मी स्वतः वापरते, पण त्यातून निघते ती दाट, स्वच्छ कॉफी. तिला एस्प्रेसो म्हणणं म्हणजे आपलीच समजूत घालणं.

मोका पॉटचंही तसंच. १९३३ मध्ये जन्मलेलं आणि पुढे इटलीतल्या घराघरांत पोचलेलं हे भांडं वाफेच्या जोरावर एक-दीड बार दाब देतं. कॉफी कडक होते, चविष्ट होते, एस्प्रेसोवर असते ती सोनेरी साय मात्र येत नाही. शिवाय अ‍ॅल्युमिनियमचा मोका इंडक्शनवर तापत नाही, आणि लॉजच्या खोलीत गॅस कुठला? मात्र नातेवाइकांकडे किंवा होमस्टेत उतरणार असाल तर मोकाच न्या. खालच्या भांड्यात आधीच गरम केलेलं पाणी झडपेच्या खालपर्यंत भरा, आच मंद ठेवा आणि फुरफुर सुरू होण्याआधी उतरवा. चार माणसांना पुरतो आणि कोणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

हाताने काढलेला एस्प्रेसो म्हणजे तडजोड, असं वाटत असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या. एस्प्रेसोवरची ती साय जगाला दिसली तीच मुळी हाताने ओढायच्या दांड्यामुळे. मिलानच्या आकिले गाज्जियांनी १९४० च्या दशकात स्प्रिंगचा दांडा असलेलं मशीन आणलं, त्याआधीची वाफेवरची मशीनं दीडेक बारच्या वर जात नसत. विजेचे पंप त्यानंतर आले.

तर ग्राइंडर. हॉटेलात तुम्ही कितीही भारी यंत्र नेलंत आणि दुकानातून दळून आणलेली पूड भरलीत तर पाणी दहा सेकंदांत धो-धो खाली येईल आणि कप आंबट होईल. दुकानातली पूड बहुधा फिल्टर किंवा मोकासाठी दळलेली असते, आणि एस्प्रेसोचं दळण तर दाण्यागणिक, दिवसागणिक बदलावं लागतं. घेताना एका क्लिकला पाती किती सरकतात ते बघा. वनझेडप्रेसोच्या जे-अल्ट्रामध्ये ही सरक सुमारे आठ मायक्रॉनची आहे, किनग्राइंडर के-६ मध्ये सोळाच्या आसपास. दोन्हींवर एस्प्रेसो जमतो. टाइममोरचा साधा सी-२ फिल्टर कॉफीला झकास आहे, पण एस्प्रेसोसाठी त्याच्या एका क्लिकची उडी फार मोठी पडते. त्याच कंपनीचा सी-३ ईएसपी चालतो. १८ ग्रॅम दाणा दळायला मिनिटभर दंड फिरवावा लागतो. सकाळचा व्यायाम समजा.

यंत्रात माझी निवड पिकोप्रेसो. साडेतीनशे ग्रॅम वजन, पूड भरायचं ५२ मिलिमीटरचं बास्केट, १८ ग्रॅम पूड, ८० मिली पाणी. दळण चुकलं तर ते लपवत नाही, उघडं पाडतं. नॅनोप्रेसोत आठ ग्रॅम पूड भरतात, ती दळणाच्या बाबतीत थोडं सांभाळून घेते. सुरुवात करणाऱ्याला तीही चालेल. फ्लेअरचं दांड्याचं यंत्र या सगळ्यांत सरस कप देतं असं माझं मत आहे, पण ते बहुधा दोन किलोच्या पुढे जातं आणि त्याला पक्कं टेबल लागतं. स्वतःच्या गाडीने जात असाल तर विचार करा. एस्टीने किंवा रेल्वेने फिरणाऱ्याने करू नये.

आता उष्णता. बहुतेकांची कॉफी इथेच फसते आणि बिचाऱ्या यंत्राला शिव्या पडतात. एस्प्रेसोला साधारण नव्वद ते शहाण्णव अंशांचं पाणी हवं. हॉटेलची केटल उकळतं पाणी देते, मग अडचण काय? अडचण अशी की यंत्र थंड असतं. शंभर ग्रॅम पोलाद खोलीच्या तापमानाला असेल तर त्यावर पडलेलं ८० मिली उकळतं पाणी नऊ-दहा अंशांनी उतरतं. त्यात एसी अठरावर असेल तर आणखी. पुड्यात, म्हणजे दाबून बसवलेल्या पुडीत, पोचेपर्यंत पाणी ऐंशीच्या घरात येतं आणि कप आंबट, पाणचट लागतो. उपाय फुकटचा आहे. पूड न भरता यंत्रात उकळतं पाणी भरा आणि ते सगळं पंपाने बाहेर काढा. मग पुन्हा एकदा. तोवर बास्केट आणि कप केटलच्या उरलेल्या पाण्याने तापवून घ्या. तिसऱ्यांदा पाणी उकळायला लावा आणि तेवढ्यात पूड भरा, म्हणजे उकळी आणि तुमचा हात एका वेळी तयार होतात. पाणी उकळलं की थांबायचं नाही, लगेच ओतायचं. ‘उकळल्यावर तीस सेकंद थांबा’ हा सल्ला फिल्टर कॉफीवाल्यांचा आहे, या खेळण्यात तो लागू नाही.

उंचीचाही हिशेब धरा. दर तीनशे मीटरला उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. पुण्यात काही जाणवत नाही, महाबळेश्वरला पंच्याण्णवच्या आसपास, चालून जातं. लेहला पाणी अठ्ठ्याऐंशी अंशांनाच उकळतं, तिथे कितीही आदळआपट केली तरी त्याच्या वर जाता येत नाही. तिथे जाताना हलका भाजलेला दाणा नेऊ नका, गडद न्या. गडद दाणा कमी उष्णतेतही आपलं सगळं देऊन मोकळा होतो.

भरण्याची रीत अशी. दाणे दळण्याआधी त्यांवर पाण्याचा एकच थेंब बोटाने शिंपडा, पूड ग्राइंडरला चिकटत नाही. पूड बास्केटमध्ये पडली की बारीक सुईने तळापर्यंत ढवळून गुठळ्या मोडा. मी बुचाच्या तुकड्यात अ‍ॅक्युपंक्चरच्या चार सुया खोचून घेतल्या आहेत, तेवढ्यावर काम भागतं. मग टँपरने (पूड दाबायच्या ठोकळ्याने) सरळ, सपाट दाबा. किती जोर लावला याला फार महत्त्व नाही, तिरकं दाबलं तर मात्र पाणी पातळ बाजूने वाट काढतं.

पिकोप्रेसोला खाली तोटी नसते, बास्केटचा तळ उघडा दिसतो. त्यामुळे कप जरा खाली धरा आणि बघा. सुरुवातीला आठ-दहा हलके पंप मारा, पहिले थेंब दिसले की आठ-दहा सेकंद थांबा, पुडा भिजू द्या. मग एका लयीत पंप करा. आधी कडेला काळपट थेंब फुटतात, ते आत सरकतात आणि मध्यावर एकत्र येऊन उंदराच्या शेपटीएवढी बारीक धार लागते. रंग गडद तपकिरीवरून मधासारखा होतो, त्यात फिकट पट्टे दिसू लागतात. धार पूर्ण पिवळट, पातळ झाली की थांबा, यंत्रात पाणी उरलं असलं तरी. छत्तीस-चाळीस ग्रॅम आत्तापर्यंत कपात आलेलं असतं. सोनाराकडे असतो तसला छोटा काटा, एक दशांश ग्रॅम दाखवणारा, बरोबर ठेवा. पंप दगडासारखा घट्ट झाला तर दळण दोन क्लिक जाड करा, हाताने कुस्ती खेळू नका. एखाद्या जागेवरून पिचकारी उडाली तर दळणाला हात न लावता पुढच्या वेळी सुई नीट फिरवा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर काय सुधारलं ते कळत नाही.

दाणे घरूनच, अठरा-अठरा ग्रॅमच्या छोट्या झिप पिशव्यांत मोजून न्या. सकाळी आठला शाखेत पोचायचं असतं तेव्हा हे मोजमाप नको वाटतं. भाजून आठ-दहा दिवस झालेला, मध्यम ते गडद दाणा प्रवासाला सोपा. दळणातली चूक तो जास्त माफ करतो. आता चिकमगळूर-कोडगूचा ताजा भाजलेला माल घरपोच मिळतो, नागपूरचं कॉरिडॉर सेव्हन, मुंबईचं सुबको अशी भाजणारी मंडळी महाराष्ट्रातच आहेत. थोडा चांगला रोबस्टा (अरेबिकापेक्षा कडक जातीचा दाणा) मिसळलेला ब्लेंड घेतलात तर साय दाट येते. अरेबिकाभक्त नाक मुरडतील, मुरडू दे. कोकणात पावसाळ्यात पिशवी उघडी ठेवू नका, दाणा दमट होतो आणि कालचं दळण आज लागू पडत नाही.

पाण्याकडे कोणी बघत नाही, खरं तर कपात नव्वद टक्क्यांच्या आसपास तेच असतं. मराठवाड्यात बोअरचं जड पाणी कॉफी बोथट करतं आणि केटलच्या तळाला पांढरा थर चढवतं. लॉजच्या आरओचं पाणी उलट इतकं क्षारहीन असतं की चव पोकळ लागते. कॉफीवाल्यांचं माप लिटरला दीडशे मिलिग्रॅम क्षारांच्या आसपासचं आहे, पाऊणशे ते अडीचशेपर्यंत चालतं. बाटलीच्या लेबलवर टीडीएस छापलेला असेल तर बघून घ्या. आणि हॉटेलची केटल आधी एकदा उकळून ते पाणी ओतून द्या. त्यात आदल्या पाहुण्याने मॅगी केली नसेलच असं नाही.

दूध हवं असेल तर छोटं टेट्रापॅक आणि बॅटरीवर चालणारं फेसणं. दूध केटलमध्ये तापवू नका, काचेच्या ग्लासात घालून उकळत्या पाण्यात उभं करा. कॅफेसारखा फेस येणार नाही, पण कॉर्टाडोसारखं, एस्प्रेसोत थोडंसं दूध घातलेलं छोटं पेय छान होतं. दक्षिणेत गेले की मात्र मी यातलं काहीच बॅगेतून काढत नाही. हुबळीला उतरून हॉटेलच्या खोलीत पंप मारत बसणाऱ्याला खाली मिळणारी फिल्टर कॉफी कळलेलीच नाही.

स्वतः पाणी तापवणारी बॅटरीची यंत्रंही आता मिळतात. ५० मिली पाणी पंचवीसवरून पंच्याण्णव अंशांवर न्यायला चार वॉट-तासांच्या वर ऊर्जा लागते, त्यामुळे एका चार्जिंगमध्ये मोजकेच कप निघतात. केटल असलेल्या हॉटेलांत राहणाऱ्याला त्यांची गरज नाही. रात्रीच्या बसने फिरणाऱ्याला असू शकते.

रेल्वेत डब्यातल्या प्लगवर केटल लावायला मनाई आहे, तो प्लग मोबाइल-लॅपटॉपसाठी. घरून चांगल्या थर्मासमध्ये उकळतं पाणी न्या आणि थर्मास आधी उकळत्या पाण्याने तापवून घ्या, दोन-तीन तास तरी निभतं. विमानात ग्राइंडर आणि यंत्र चेक-इन सामानात टाका. हातातल्या बॅगेत नेलंत तर एक्स-रेवर ते दंडगोल भांडं बघून सुरक्षारक्षक उघडायला लावतात, आणि मागे रांग खोळंबते. बॅटरीचं यंत्र असेल तर उलट, लिथियम बॅटरी सुटी असो वा आत बसवलेली, जवळच्या बॅगेत ठेवा. कॅम्पिंगच्या शेगडीचं गॅसचं डबडं कुठल्याच बॅगेत चालत नाही. आणि अमेरिकेला निघाला असाल तर साडेतीनशे मिलीपेक्षा जास्त पूड हातातल्या बॅगेत ठेवू नका, वेगळी तपासणी होते. दाणेच न्या.