आधी राडारोडा, मग वाटणी

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. सदाशिव पेठेतल्या वाड्याची मागची बाजू खचली, दारावर महापालिकेची नोटीस लागली आणि सगळं घर तुझ्याकडे बघतंय, कारण पुण्यात राहणारी तू एकटीच. स्वतःच्या खिशातून पैसे घालून पडका भाग उतरवून राडारोडा उचलण्याचं काम उरकून टाकावं असं तुझ्या मनात आहे. ते मात्र करू नकोस. असे पैसे नंतर मागायला गेलं की ते उपकार तरी ठरतात, नाहीतर डाव. ‘वाडा घशात घालायचा होता, म्हणूनच खर्च केला,’ असं म्हणणारं कुणीतरी निघतंच.

कायद्याचा आधार आहे. दुसऱ्यालाही भरणं भाग असलेले पैसे एकाने भरले, तर भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 69 खाली ते परत मागता येतात. मुदत पैसे भरल्यापासून तीन वर्षं. पण राडारोड्याच्या पैशांसाठी काकूवर दावा लावण्याची वेळ तुझ्यावर येऊ नये, असं मला मनापासून वाटतं. म्हणून पैसे आधी गोळा कर आणि मगच मजूर बोलाव.

कुणी किती द्यायचे हे माणशी ठरवू नका, हिश्श्याप्रमाणे ठरवा. वाडा आजोबांनी स्वतः घेतलेला, मृत्युपत्र नाही, आजी त्यांच्याआधी गेल्या. म्हणजे तुझे बाबा, काका आणि आत्या यांचे तीन सारखे हिस्से. काका नंतर वारले, तेव्हा त्यांच्या हिश्श्यात काकू आणि दोन्ही चुलत भावंडं सारखी वाटेकरी. खर्च 1,80,000 आला तर बाबांचे 60,000, आत्याचे 60,000 आणि काकूकडच्या तिघांचे प्रत्येकी 20,000. मालमत्ता पत्रकावर (प्रॉपर्टी कार्डावर) वारसांची नोंद झाली आहे का, तेही नगर भूमापन कार्यालयात बघून घे.

आत्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो. ‘तिला कशाला खर्चात ओढायचं, ती तिच्या घरी सुखी आहे,’ असं तुझे बाबा म्हणाले, हे वाचून मी थबकलो. ऐकायला हे प्रेमाचं वाटतं. पण जिला आज खर्चाला विचारलं नाही, तिच्यापुढे उद्या हक्कसोडपत्र सहीला येतं, हे पेठांमधल्या किती घरांत घडलंय! वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीचा वाटा 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासून मुलाइतकाच आहे. त्यासाठी वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क देणाऱ्या 2005 च्या दुरुस्तीचीही गरज नाही. तिच्याकडे पैसे मागणं म्हणजे तिची मालकी मानणं. तिला आत्ता जमत नसेल, तर तिचे पैसे कुणी भरले ते लिहून ठेवा आणि वाटणीच्या वेळी तेवढेच वळते करा.

आता लाकूड. याकडे कुणाचंच लक्ष नसतं आणि भांडण नेमकं इथूनच पेटतं. माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, कोसळलं तरी त्याखालच्या तुळया, खांब, कडीपाट बहुतेक सागवानी असतात आणि जुन्या सागवानाला चांगलं गिऱ्हाईक आहे. ठेकेदार म्हणेल, ‘मजुरी देऊ नका, लाकूड आम्ही नेतो.’ ऐकायला स्वस्त वाटतं. त्याच्याकडून दोन दर लेखी घे: नुसत्या मजुरीचा आणि लाकूड त्याला देऊन होणारा. त्याआधी प्रत्येक तुळईची लांबी, रुंदी, जाडी मोजून घनफूट काढ आणि फोटो काढून सगळ्यांना पाठव. लाकूड विकून आलेली रक्कम खर्चातून वजा कर. तसंच काकांनी पुढच्या खोलीचं भाडं इतकी वर्षं घेतलं आणि मिळकत कर भरला, तर तो जमाखर्च वेगळ्या कागदावर मांड. तो या कामात मिसळलास की नोटिशीची मुदत उलटून जाईल आणि कामाला हातही लागलेला नसेल.

सगळ्यांच्या सहीने एक कागद कर. त्यात कामाचं स्वरूप, अंदाजे खर्च, प्रत्येकाची रक्कम आणि हे वाक्य: ‘हा खर्च केल्याने किंवा न केल्याने कुणाचाही मालकी हक्क वाढत अथवा कमी होत नाही.’ या एका वाक्याने निम्म्या शंका मिटतात. पैसे दोघांच्या सहीच्या खात्यात ठेवा, त्यातली एक सही काकूकडच्या कुणाची असू दे. परदेशातल्या चुलतभावाला ईमेलवरून संमती देता येईल. कुलमुखत्यारपत्रच (पॉवर ऑफ अटर्नी) करणार असेल, तर ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यावं लागतं.

पुढच्या खोलीत भाडेकरू आहेत, तेव्हा त्यांच्या भागाला हात लावण्याआधी वकिलाला विचार. भिंतीतला पिंपळ काढण्याआधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाला विचार. हौदातलं पाणी मात्र आजच उपसून टाक, डासांसाठी कुणाच्या सहीची वाट बघायची नसते. नोटिशीला लेखी उत्तर देऊन पोच घे. काम मालकांनी केलं नाही आणि महापालिकेने केलं, तरी तो खर्च तुमच्याकडूनच वसूल होतो, आणि तेव्हा लाकडाचा हिशेब तुमच्या हातात राहत नाही.

ग्रुपवर मेसेज टाकण्याआधी आत्याला फोन कर, मग काकूकडे स्वतः जा. कागदाचा मसुदा मला पाठव, मी बघून देतो.

कळावे.